ध्वनिमुद्रणातील लेखनिक : साउंड कार्डाचा ड्रायव्हर आणि त्याचा नियंत्रणफलक

आपल्या विभागाच्या पत्रिकेत ग्रंथांची, कोशांची व व्याकरणांची परीक्षणे येतात. संगणकात बसविलेल्या एका उपकरणाच्या ड्रायव्हरचे आणि त्याच्या कंट्रोल पॅनेलचे परीक्षण ह्या पृष्ठांवर यावे, हे काही वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर हा विषय तंत्रनिकेतनाकडे पाठवावा, असे हसत हसत सुचविलेही. तथापि ज्या अभ्यासशाखेचा बहुतेक पुरावा आज ध्वनिमुद्रणाच्या रूपाने जमा होतो, तिने तो पुरावा ज्या हातांतून जातो त्या हातांची चिकित्सा करावयाची नाही, तर ती कोणी करावयाची? शिवाय प्रस्तुत लेखकाकडून ह्या बाबतीत एक चूक घडलेली आहे. तिची कबुली पुढे यावयाची असल्याने, परीक्षणाचा अधिकार मी काहीसा महाग किंमत देऊन मिळविला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम संज्ञांविषयी दोन शब्द. मायक्रोफोनातून येणारा विद्युत्प्रवाह दर सेकंदास काही हजार वेळा मोजून त्याचे संख्यांत रूपांतर करणारा जो संगणकाचा भाग, तो साउंड कार्ड. आजच्या लॅपटॉपांत ते वेगळे दिसत नाही. मुख्य मंडलावरच एका लहानशा चिपच्या रूपाने ते बसविलेले असते. हे कार्ड आणि संगणकाची मूळ प्रणाली यांच्यामध्ये उभा राहून दोहोंचे बोलणे एकमेकांस पोचविणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. ह्या ड्रायव्हरने कसे वागावे हे सांगण्यासाठी पडद्यावर जी चौकट उघडते, जीत सरकपट्ट्या, खुणेचे चौकोन आणि नावे असतात, तिला मी पुढे नियंत्रणफलक म्हणेन. दर सेकंदास होणाऱ्या मोजण्यांच्या संख्येस नमुनादर, आणि दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंप्रता, असे शब्द योजले आहेत.

ड्रायव्हरकडे पाहण्याची एक दृष्टी आपल्या विद्यापरंपरेत तयारच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पुरे झाले. त्या आवृत्तीच्या निमित्ताने पाठचिकित्सेची जी शिस्त महाराष्ट्रात रुजली, तिचा एक मूलभूत सिद्धान्त पदव्युत्तर वर्गात आपण सारेच शिकवितो. ज्या लेखनिकास मजकूर कळत नाही त्याच्या चुका ओळखता येतात, कारण त्या ओबडधोबड असतात. परंतु ज्या लेखनिकास मजकूर थोडासा कळतो आणि जो तो सुधारून लिहितो, त्याचा हस्तक्षेप सहज उघडकीस येत नाही. जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिकेत लेखनिक सांगून ठेवीत की, जसे पुस्तक पाहिले तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष मजकडे नाही. हे वचन ते नेहमीच पाळीत असे नाही. तरी काय अपेक्षित आहे हे त्यांस ठाऊक होते. ड्रायव्हर हा ध्वनीचा लेखनिक होय, आणि नियंत्रणफलक ही त्याची पुष्पिका. तेव्हा परीक्षकाने विचारावयाचा प्रश्न हा, की आपण मूळ प्रतीचे काय केले हे हा लेखनिक प्रामाणिकपणे सांगतो काय? फलक दिसावयास सुंदर आहे की कुरूप, त्यावर बटणे किती, हे प्रश्न त्यानंतरचे.

हा प्रश्न मला सुचला तो शेळगावात. बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर, अंथुर्णे आणि निमगाव केतकी यांच्या दरम्यानचे हे गाव. आषाढात तुकोबांची पालखी ह्याच वाटेने इंदापुराकडे जाते. ह्या टापूतील ग्रामीण बोलीत ज्यांना आपण महाप्राणयुक्त अनुनासिके आणि अर्धस्वर म्हणतो ते ध्वनी शब्दारंभी ठळकपणे येतात : न्हाई, म्होरं, ल्हान, व्हतं. ते टिकून आहेत की नव्या पिढीत क्षीण होत आहेत, हा आमच्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेचा विषय होता. शब्दांच्या याद्या वाचून घेणे म्हणजे बोलणाऱ्यास सावध करणे. म्हणून जात्यावरच्या ओव्या आणि त्या म्हणता म्हणता होणारे बोलणे मुद्रित करावे असे ठरले. जात्यावरच्या ओव्यांचे मोल आपल्याकडे नव्याने सांगावयास नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह जमविलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहातील वेचे २०१७ पासून 'परी' ह्या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणासह ऐकावयास मिळतात, आणि त्यांत पुणे जिल्ह्यातील गावांचा वाटा मोठा आहे.

एका घरच्या आजींनी आमच्यासाठी बाजूस ठेवलेले जाते पुन्हा मांडले, मूठभर जोंधळे घातले आणि सुनेला समोर बसवून दोघींनी दळावयास सुरुवात केली. मायक्रोफोन विभागाच्या लॅपटॉपास जोडला होता. फलकावरील सरकपट्टी मी स्वतः पाहिली, पातळी योग्य दिसत होती, म्हणून पुढे काही पाहिले नाही. सुदैवाने विद्यार्थिनीने आपल्या खिशातील लहानसे स्वतंत्र मुद्रणयंत्रही जात्याच्या पलीकडे ठेवून दिले होते. ते केवळ लॅपटॉपाची बॅटरी दगा देईल ह्या भीतीने.

पुण्यास परतल्यावर लॅपटॉपातील मुद्रण तेवढे तपासले गेले. त्यावरून काढलेल्या वर्णपटांत म्होरं, न्हाई ह्या शब्दांतील हकाराची खूण फारच पुसट दिसली. कच्च्या खर्ड्यात वाक्य आले की, ह्या गावी वृद्ध पिढीतही शब्दारंभीचा महाप्राण लोपण्याच्या मार्गावर आहे. मराठीत शब्दमध्यी आणि शब्दान्ती महाप्राण क्षीण होतो हे आपण जाणतोच. त्यामुळे निष्कर्ष अगदीच अनपेक्षित वाटला नाही, आणि मी त्या पानावर 'ठीक' असा शेरा लिहिला. तो शेरा आजही त्या खर्ड्यावर आहे.

शंका आली ती भाषेमुळे आली नाही, जात्यामुळे आली. मुद्रण पुन्हा ऐकताना लक्षात आले की, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जात्याची घरघर स्वच्छ ऐकू येते. मग ती विरत जाते, आणि पुढे जणू दळण थांबवून दोघी नुसत्याच गात बसल्या आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात जाते क्षणभरही थांबलेले नव्हते. ओवीच्या चरणान्ती आजी जो स्वर लांबवीत होत्या तोही अर्ध्यावर दबला जात होता. तेव्हा खिशातले दुसरे मुद्रण काढले. त्यात जाते शेवटपर्यंत होते, स्वर पुरे होते, आणि म्होरं मधला हकार असा भरघोस होता की त्याविषयी वाद करण्याचे कारण नव्हते. दोन प्रतींचा पाठभेद समोर होता, आणि दोष कोणत्या लेखनिकाचा हे उघड होते.

घडले होते ते असे. त्या लॅपटॉपाच्या ड्रायव्हरबरोबर आलेल्या फलकात, दुसऱ्या पृष्ठावर, 'नॉइज सप्रेशन' नावाचा एक चौकोन होता आणि त्यात खूण आधीपासूनच केलेली होती. ही योजना आवाजातील जे काही एकसारखे चालू राहते त्यास खरखर समजते, त्याचे रूप काही क्षणांत शिकून घेते आणि नंतर ते वजा करीत राहते. पंखा, रस्त्यावरील रहदारी, वीजप्रवाहाची गुणगुण यांच्या बाबतीत हा हिशेब ठीकच. परंतु जाते एकसारखे चालते. लांबविलेला स्वरही पुरेसा वेळ एकसारखा राहतो. आणि म्ह, न्ह यांच्या उच्चारात स्वरतंतू पुरते न मिटल्याने घोषाबरोबर जो क्षीण सीत्कार बाहेर पडतो, तो यंत्राच्या दृष्टीने खरखरीचाच सगोत्र. अशा रीतीने लेखनिकाने तीन ठिकाणी मजकूर सुधारला. त्यातील तिसरी सुधारणा प्रबंधिकेत छापली गेली असती, तर नकाशावर एक खोटी सीमारेषा उमटली असती, आणि पुढच्या अभ्यासकाने ती प्रमाण मानून आपली रेषा तिच्यापासून ओढली असती. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यातील नमुने कागदावरचे असल्याने त्यांच्या मर्यादा सर्वांस ठाऊक आहेत व आपण ते त्या बेताने वापरतो. ध्वनिमुद्रणावर मात्र आपला विश्वास निरपवाद असतो, आणि धोका नेमका तेथे आहे.

ह्या चौकोनाच्या नावाविषयी, भाषेचा अभ्यासक ह्या नात्याने, काही म्हणणे प्राप्त आहे. फलकाच्या ज्या पृष्ठावर तो होता त्याचे शीर्षक 'एनहान्समेंट्स', म्हणजे सुधारणा, वृद्धी. वस्तुतः तेथील बहुतेक क्रिया वजाबाकीच्या आहेत. सप्रेशन, कॅन्सलेशन ह्या खालच्या नावांतूनच ते दिसते. पण शीर्षकाने आधीच मन अनुकूल करून घेतलेले असते. विंडोज प्रणालीच्या दहाव्या आवृत्तीपर्यंत ह्याच नावाच्या पृष्ठावर 'सर्व सुधारणा बंद करा' अशा अर्थाचा एक चौकोन असे. म्हणजे काही नको असेल तर होकाराची खूण करावयाची, आणि हवे असेल तर चौकोन मोकळा ठेवावयाचा. निषेधवाक्यास होकार देणे म्हणजे काय, ह्यावर मीमांसकांनी आणि नैयायिकांनी पुष्कळ शाई खर्चिली आहे. घाईत असलेल्या क्षेत्रसंशोधकाकडून तेवढ्या विवेचनाची अपेक्षा करणे अन्यायाचे होय.

एका उपकरणाच्या अनुभवावरून साऱ्या जातीविषयी बोलणे योग्य नव्हे. म्हणून तुलनेसाठी असे उदाहरण घेतले पाहिजे, की जेथे कार्ड एकच आणि ड्रायव्हर अनेक आहेत. तरच कार्डाचा दोष कोणता आणि लेखनिकाचा कोणता हे वेगळे काढता येईल. असे उत्तम उदाहरण म्हणजे क्रिएटिव्ह कंपनीचे १९९८ साली निघालेले 'साउंड ब्लास्टर लाइव्ह'. हे कार्ड आता जुने झाले. परंतु एकाच संहितेवर तीन भाष्ये असावीत त्याप्रमाणे त्याच्यावर तीन स्वतंत्र ड्रायव्हर आहेत : कंपनीचा स्वतःचा, 'केएक्स' नावाचा हौशी तंत्रज्ञांनी विंडोजसाठी लिहिलेला, आणि लिनक्समधील 'अल्सा' ह्या ध्वनिव्यवस्थेतला. 'अल्सा' २००३ च्या डिसेंबरात निघालेल्या लिनक्सच्या २.६ ह्या आवृत्तीत समाविष्ट झाली.

ह्या कार्डाच्या मुख्य चिपचा एक स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. तिचे सारे अंतर्गत काम सेकंदास ४८,००० ह्याच नमुनादराने चालते. ध्वनितबकडीचा, म्हणजे सीडीचा, दर ४४,१०० आहे. तेव्हा कोणी ४४,१०० दराने मुद्रण मागितले की, कार्ड आधी ४८,००० ने मोजते आणि मग दर १६० नमुन्यांच्या जागी १४७ नवे नमुने हिशेबाने रचून देते. जे नमुने फाइलीत पडतात ते मोजलेले नसून मोजलेल्यांवरून अनुमानिलेले असतात. कंपनीच्या फलकावर ह्याचा उल्लेख नाही. तेथे सरकपट्ट्या आहेत, त्यांच्या माथ्यावर लहान चित्रे आहेत, आणि मुद्रणाचा उगम निवडण्याच्या यादीत 'व्हॉट यू हिअर' अशी एक नोंद आहे. तुम्ही जे ऐकता ते मुद्रित होईल, असा तिचा भावार्थ. संगणकातून बाहेर जाणारा एकत्रित आवाज असे तिला सांगावयाचे आहे. पण 'तुम्ही' कोण आणि 'ऐकणे' कोठे घडते? ध्वनीची वाट सांगावयाची तेथे श्रोत्याचा अनुभव सांगितला आहे. घरगुती वापरास हे नाव मोठे सोयीचे, आणि ते सुचणाऱ्यास दाद दिली पाहिजे. फक्त त्यावरून विद्यार्थ्यास आपला मायक्रोफोन कोणत्या टप्प्यावर मिसळला हे कळत नाही.

कंपनीच्या फलकाचे खरे मन रमते ते परिसरध्वनीत. त्या काळच्या 'ईएएक्स' योजनेत २६ तयार परिसर होते. एखादे बटण दाबले की साधा आवाज स्नानगृहात, दगडी खोलीत, गुहेत, सभागृहात, सांडपाण्याच्या नळात वा पाण्याखाली असल्यासारखा घुमू लागे. यादीच्या अखेरीस तर नशा, भोवळ आणि वेड ह्या अवस्थाही होत्या. खेळांसाठी निर्मिलेल्या वस्तूस हे शोभतेच. ओसरी, माजघर किंवा देवळाचा सभामंडप त्या यादीत नाही ह्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट, शेळगावच्या माजघराचा घुमारा जसा आहे तसा मिळावा, एवढीच आपली गरज.

'केएक्स' चे भाष्य अगदी दुसऱ्या प्रकृतीचे. त्याच्या एका खिडकीत चिपच्या पोटातील प्रत्येक क्रिया एकेका चौकटीच्या रूपाने मांडलेली असते आणि ध्वनी कोठून कोठे जातो हे त्या चौकटींना जोडणाऱ्या रेषांनी दाखविलेले असते. नको ती चौकट काढून टाकावी, रेषा तोडावी, दुसरीकडे जोडावी. 'अ‍ॅसिओ' नावाची, स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली पुढे आणलेली, विंडोजच्या मिश्रकास वळसा घालून जाणारी वाटही त्यात उपलब्ध आहे. ज्याला ध्वनीचा मार्ग पाहावयाचा आहे त्याच्यासाठी यापेक्षा प्रामाणिक पुष्पिका मी पाहिलेली नाही. दोष असा की, ती वाचण्यास आधी चिपची अंतर्रचना शिकावी लागते. एक रेषा चुकीची तुटली की सारे मुके होते, आणि का झाले हे सांगणारे तेथे कोणी नाही. हे भाष्य प्रमाण आहे, पण ज्याला मूळ संहिता आधीच पाठ आहे त्यालाच उपयोगी पडणारे.

'अल्सा' चा फलक, ज्याचे नाव 'अल्सामिक्सर', दिसावयास तिघांत दरिद्री. काळ्या पडद्यावर अक्षरांनीच काढलेले स्तंभ, खाली त्रोटक नावे, आणि बंद असलेल्या स्तंभाच्या तळाशी दोन 'एम'. ह्या कार्डासाठी तेथे इतके स्तंभ येतात की, पडदा उजवीकडे सरकवीत राहावे लागते. त्यांतील निम्म्यांची नावे चिपच्या परिभाषेतून जशीच्या तशी उचललेली. असे असूनही दोन गोष्टींमुळे मी त्यास कंपनीच्या फलकाहून वरचे स्थान देतो. निवडलेल्या स्तंभाची पातळी तो डेसिबलमध्ये सांगतो. आणि त्याच्या मागचा ड्रायव्हर मूळ आज्ञावलीसह प्रकाशित असल्याने लेखनिकाने काय केले हे हवे त्याला ओळ न् ओळ वाचता येते. ह्यावर एक आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. आजच्या लिनक्समध्ये 'अल्सा' च्या वर 'पल्सऑडिओ' किंवा 'पाइपवायर' हा आणखी एक लेखनिक बसलेला असतो. पहिला, मुद्दाम बदलले नाही तर, ४४,१०० च्या आणि दुसरा ४८,००० च्या दराने चालतो, आणि मागितलेला दर निराळा असल्यास नमुने पुन्हा रचून देतो. प्रतीची प्रत झाली की पुष्पिकाही दोन वाचाव्या लागतात.

येथे तारतम्य ठेवले पाहिजे. ४८,००० चे ४४,१०० होण्याने आपल्या अभ्यासाची कितपत हानी होते? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, फारच थोडी. बोलण्यातील जे घटक आपण मोजतो त्यांतील बहुतेक १०,००० कंपनांच्या खालीच असतात आणि तेथे हे रूपांतर निरुपद्रवी ठरते. संगीतज्ञांनी ह्या बाबतीत जेवढा गहजब केला तेवढा करण्याचे भाषाशास्त्रज्ञास कारण नाही. माझा आक्षेप अनुक्तीवर आहे. जो लेखनिक लहान फेरफार सांगत नाही तो मोठा सांगेल, अशी आशा कशाच्या बळावर करावयाची?

आणि मोठा फेरफार घडतोच. २००७ च्या जानेवारीत सर्वसामान्य ग्राहकांस उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक ध्वनिसाधनास एक ठरावीक दर फलकात नेमून दिलेला असतो. प्रात किंवा अन्य कोणत्याही प्रोग्रामने सामायिक मार्गाने निराळा दर मागितला, तर प्रणाली गुपचूप रूपांतर करून देते. फलकात १६,००० नेमलेले असले आणि आपण ४४,१०० मागितले, तर फाइलीच्या माथ्यावर ४४,१०० असेच लिहिले जाते. परंतु नमुनादराच्या निम्म्याहून वरची कंपने मुळात मोजलीच न गेल्याने ८,००० च्या वर वर्णपट कोरा राहतो. बिनतारी ब्लूटूथ मायक्रोफोनाने हे हमखास होते. त्यातील जुन्या पद्धतीचा दर तर केवळ ८,००० असल्याने ४,००० च्या वर काहीच उरत नाही. 'चिंच' ह्या एकाच शब्दात पहिला च तालव्य आणि दुसरा दंततालव्य. दुसऱ्याच्या घर्षणाची शक्ती पहिल्याच्या मानाने वरच्या कंप्रतांवर साठलेली असते. वरचा मजला कापून टाकल्यावर जरा म्हणजे वार्धक्य आणि ज़रा म्हणजे थोडेसे, ह्यांतील भेदाचा मोठा आधार नाहीसा होतो, आणि मग विद्यार्थी लिहितो की, ह्या बोलीत दोन्ही एकरूप होत आहेत. अशी कोरी पट्टी दिसली की फाइलीच्या माथ्यावरील आकड्यावर विश्वास ठेवू नये.

पातळीच्या पट्टीविषयी थोडक्यात. ० ते १०० हे आकडे कशाचे? शेकड्याचे म्हणावे तर शंभर म्हणजे कोणत्या पूर्णत्वाचा शंभर, हे फलक सांगत नाही. विंडोजच्या त्या पृष्ठावर आकड्यावर उजवी कळ दाबली असता डेसिबलचा पर्याय उघडतो, ही सोय चांगली. ती दाबून पाहावयाची कल्पना मात्र कोणास सुचावी? शेजारी 'मायक्रोफोन बूस्ट' ची १०, २०, ३० डेसिबलची पट्टी असते. २० डेसिबल म्हणजे आयाम दहापट. एकाच गावातील दोन घरांत ही पट्टी निराळी राहिली, तर आघाताची तुलना करण्याचा विचार सोडून द्यावा.

फलकावरील नावांच्या मराठीकरणाचा प्रश्न आमच्या विभागात अनेकदा निघतो. गेन म्हणजे लाभ, क्लिपिंग म्हणजे कर्तन, असे शब्द घडविण्याची आपल्याला सवय आहे. शेळगावात त्याच मुक्कामात एका सप्ताहाच्या मांडवात ध्वनिक्षेपक लावणारा मुलगा भजनी मंडळाशी बोलत होता, ते मी मुद्दाम ऐकत उभा राहिलो. आवाज फाटतोय, बुवा, जरा लांब धरा. शिट्टी मारतंय, हा कर्णा तिकडं फिरवा. खरखर वायरीत हाय. लई घुमतंय, इको काढतो. फाटणे, शिट्टी, खरखर, घुमणे : पातळीचा अतिरेक, परतफेरीचा नाद, गोंगाट आणि प्रतिध्वनी ह्या चार दोषांना चार स्वच्छ मराठी नावे, आणि चारही कानाला काय होते ते सांगणारी. मघाशी 'व्हॉट यू हिअर' वर जो आक्षेप घेतला तो येथे लागू होत नाही. दोष हा ऐकण्यातच प्रकट होतो, मार्ग हा ऐकण्यातून कळत नाही. म्हणून दोषसूचक दिव्याखाली 'फाटतो' लिहावे, आणि मार्गदर्शक यादीत मात्र उगमाचे व टप्प्याचे नाव असावे, असे माझे मत आहे. 'नॉइज सप्रेशन' ला 'खरखर गाळा' म्हटले असते, तर चाळणीतून काय काय गळेल ही शंका निदान माझ्या मनात त्याच दिवशी आली असती.

निर्मात्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. लॅपटॉपातील ड्रायव्हर हा दूरवरच्या माणसाशी संभाषण करण्यासाठी घडविला जातो. समोरच्यास आपलाच आवाज परत ऐकू येऊ नये, पंख्याची घरघर जाऊ नये, हे त्याचे कर्तव्य. ते तो उत्तम पार पाडतो, आणि त्याच्या कर्तव्यात शेळगावचा हकार नाही. ही गोष्ट मान्य केल्यावरही दोन मागण्या उरतात. मुद्रणासाठी साधन उघडले की सर्व प्रक्रिया बंद असाव्यात आणि हव्या त्या मागून घ्याव्यात. आणि ज्या चालू असतील त्यांची नावे फाइलीबरोबर लिहिली जावीत. दुसरी मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते. फाइलीच्या माथ्यावर नमुनादर लिहिता येतो, तर ध्वनी कोणत्या चाळणीतून आला हे का लिहिता येऊ नये? डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणांसारखा संचय आज अभ्यासकांस उपलब्ध आहे. तो पन्नास वर्षांनी वापरणाऱ्यास हीच माहिती प्रथम हवी असेल.

तोवर परीक्षा आपल्यालाच घ्यावी लागेल, आणि ती कठीण नाही. क्षेत्रावर जाण्यापूर्वी त्याच लॅपटॉपावर, त्याच मायक्रोफोनाने, दहा सेकंद एकाच जोराने 'आ' म्हणावा. लाटेची उंची हळूहळू खचली तर चाळणी चालू आहे. आपोआप चढली वा समतल होत गेली, तर पातळी स्वतःच ठरविणारी दुसरी एक योजना चालू आहे. मग 'स' लांबवून वर्णपट कोठे तुटतो ते पाहावे. तारेने जोडता येण्याजोगे कार्ड असेल, तर त्याच्या बाहेरच्या छिद्रातून आतल्या छिद्रात तार घालून ज्ञात ध्वनी पाठवावा आणि परत आलेला ताडून पाहावा. आणि दुसरे मुद्रणयंत्र खिशात ठेवावे, बॅटरीच्या भीतीने नव्हे.

त्या प्रबंधिकेचे तिसरे प्रकरण परत घेतले आहे. खिशातील यंत्राने टिपलेला भाग ओव्यांपुरताच पुरा आहे. दळण झाल्यावर आजी ओसरीवर बसून बोलल्या तो सारा वेळ ते यंत्र जात्यापाशीच राहिले होते, आणि तेवढे बोलणे केवळ चाळलेल्या प्रतीत उपलब्ध आहे. आषाढापूर्वी विद्यार्थिनी पुन्हा शेळगावास जावयाची आहे. आजींनी निरोप धाडला आहे की, या खेपेस जोंधळे तुमचे तुम्ही घेऊन या.